देवळातला लिलाव

हंगामाच्या सणाच्या आधीचे काही आठवडे मी देवाशी नीट बोलत नव्हते. आईबरोबर गुडघे टेकत होते, डोळे मिटत होते, पण मनात एकच वाक्य यायचं आणि ते प्रार्थनेसारखं नव्हतं. तुला बंदच करायचं होतं, तर सुरू कशाला केलंस? असं देवाला विचारावं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तेव्हा मात्र मी विचारत होते, आणि रागानं विचारत होते.

बंद व्हायचं होतं ते आमच्या देवळाचं शेजार केंद्र. महाडमध्ये आम्ही ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. देवळाच्या मागे पत्र्याचा एक लांब हॉल आहे. तिथं दुपारी बायकांचा शिवणवर्ग चालायचा आणि संध्याकाळी अभ्यासिका. येणारी माणसं बहुतेक देवळाची नव्हेतच. आजूबाजूच्या आळीतली हिंदू-मुसलमान घरं, पोलादपूरच्या वरच्या गावांतून एमआयडीसीत कामाला उतरलेली कुटुंबं. आमचं घरही तसंच वरच्या खोऱ्यातून खाली आलेलं. वडील केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार, आईला सही करण्यापुरतं येतं, आणि कॉलेजात गेलेली घरातली मी पहिली. राहायला एकच खोली, त्यात शेजारचा टीव्ही भिंतीतून ऐकू यायचा. बारावीचा सगळा अभ्यास मी त्या हॉलमधल्या बाकावर केला. बी.ए.ला गेल्यावर आमच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, शिवणवर्गाची हजेरी आणि अभ्यासिकेची किल्ली माझ्याकडे दिली, तेव्हा मला वाटलं होतं की आयुष्यात काहीतरी माझ्या हातात आलं.

केंद्राचा खर्च मुंबईची एक संस्था भागवायची. विजेचं बिल, शिलाई मशिनची दुरुस्ती, शिकवणाऱ्या बाईंचं मानधन, सगळं तिथून यायचं. त्या वर्षी पावसाळा संपला आणि त्यांनी कळवलं की यापुढे त्यांना दुसऱ्या जिल्ह्यांत काम करायचं आहे. भाषा फार गोड होती. आमच्यासाठी ते प्रार्थना करत राहणार होते. त्या गोडव्याचाच मला जास्त राग आला. नुसतं 'जमत नाही' म्हटलं असतं तरी चाललं असतं.

मग देवळाचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीची बैठक झाली. मी चहा द्यायला होते. सेक्रेटरी सॅम्युएलकाका एसटीतून निवृत्त झालेले, दर शनिवारी गुडघ्यांसाठी सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात जाऊन येणारे, बोलायला रोखठोक. त्यांनी सरळ मुद्दा मांडला. एक खताचा व्यापारी हॉल गोदामासाठी भाड्यानं घ्यायला तयार आहे, गळके पत्रेसुद्धा तो स्वतः बदलून देतोय. पाळकांचा पगार थकलाय. मग अडचण काय?

मला बोलायचा अधिकार नव्हता, तरी मी म्हटलं, "काका, आणि वर्गातल्या बायकांचं काय?"

"अगं, त्यांना काय पडलंय?" काका म्हणाले. "इतकी वर्षं येतायत. कधी कुणी एक नारळ तरी आणून ठेवलाय का देवळात? फुकट आहे म्हणून येतात. उद्या इथं पोती दिसली की दुसरीकडे जातील."

मी ट्रे उचलला आणि बाहेर आले. मला खरा त्रास याचा झाला की उत्तर सुचलं नव्हतं. कारण तेच मला कधीकधी वाटायचं. मशिनची सुई मोडली की बायका म्हणायच्या, "मिशनला सांगा, देतील." पंखा बंद पडला तरी मिशन. कोण हे मिशन, कुठे असतं, कुणाला ठाऊक नव्हतं. पाळकसाहेब फक्त "प्रार्थना करू या" म्हणाले, आणि मला त्यांचाही राग आला. ठरलं ते असं, की हंगामाचा सण हॉलमध्ये होऊ द्यायचा, त्यानंतर हॉल रिकामा करायचा. तोवर बाहेर काही बोलायचं नाही, असं काकांनी बजावलं. पण महाडसारख्या गावात अशी गोष्ट किती दिवस झाकून राहणार? वर्गात कुजबुज सुरू झाली होती. बायका माझ्याकडे बघायच्या, मी खाली बघून हजेरी घ्यायचे.

आमच्या हंगामाच्या सणाबद्दल इथं थोडं सांगायला हवं. भातकापणी झाली की एका रविवारी प्रत्येक घर आपल्या पिकातलं काहीतरी देवळात आणतं. नवे तांदूळ, नाचणी, सुरण, नारळ, अंडी, एखादी कोंबडी. वेदीपुढे त्याची रास लागते. उपासना संपली की त्या वस्तूंचा लिलाव होतो, आणि बोली लावणारा माणूस वस्तूच्या किमतीकडे बघत नाही. साध्या नारळाला चढत्या बोलीनं भलताच भाव येतो. पुष्कळदा घेणारा तो नारळ परत वेदीपुढे ठेवतो आणि त्याचा पुन्हा लिलाव होतो. मी लहानपणापासून हे बघत आलेय. माझ्यासाठी लिलाव हा शब्द हसण्याचा, आनंदाचा.

देवळाबाहेरचा फळा लिहायचं काम माझं होतं. शनिवारी मी खडू दाबून दाबून लिहिलं: 'उद्या उपासनेनंतर लिलाव होईल. सर्वांनी यावे.' त्यापुढे मला 'परमेश्वर चांगला आहे' असं लिहायचं होतं, दर वर्षी लिहिते. त्या दिवशी हात पुढे गेला नाही. तेवढंच लिहून मी खडू ठेवून दिला.

रविवारी सकाळी हॉलमध्ये प्रीतिभोजनाच्या, म्हणजे सणाच्या एकत्र जेवणाच्या, पंगती बसवायच्या म्हणून आमच्या पोरांनी सगळी शिलाई मशिनं उचलून मागच्या ओट्यावर आणून ठेवली. उपासना झाली. माझं गाण्यात लक्ष नव्हतं. मग काका पुढे आले, लाल भोपळा दोन्ही हातांनी वर धरला आणि बोली सुरू केली. तेवढ्यात हॉलच्या बाजूनं ओरडा ऐकू आला. बायकांचा आवाज, भांडणाचा. काका भोपळ्यासकट धावले, त्यांच्यामागे आम्ही सगळे.

ओट्यावर अख्खा शिवणवर्ग उभा होता. बायका, त्यांच्या सासवा, दोन-तीन नवरे, कोपऱ्यावरचा रिक्षावाला. मधल्या मशिनच्या फळीवर शेवंतामावशी मांडी घालून बसल्या होत्या. उमरठकडच्या बाई, नवरा गेल्यावर महाडला आलेल्या, आमच्या वर्गात शिवण शिकून झगे-परकर विकून घर चालवणाऱ्या. इतक्या वर्षांत हॉलच्या पुढे, देवळाकडे, त्या कधी आल्या नव्हत्या.

"कोणाला इचारून इकताय ही मशिनं?" त्यांनी काकांना विचारलं. "मी इथून उठणार नाय. लिलाव करायचा तर माझ्यासकट करा."

"तुला कोण घेईल गो?" मागून एक म्हातारी म्हणाली. "मशिनचा पन भाव उतरंल."

हशा पिकला, पण मावशी हसल्या नाहीत.

काकांना काही उमगेना. "अहो बाई, मशिनचा कुठे? लिलाव या भोपळ्याचा आहे."

"भोपळ्याचा?" मावशींनी भोपळ्याकडे पाहिलं, मग काकांकडे. "भोपळा बाजारात गावतो. त्याच्यासाठी कोण फळ्यावर लिवतो? आमाला लिलाव काय असतो ता म्हाईत हाय. बँकेनं माझ्या दिराचा टेम्पो नेला, तवा असाच फळा लावला होता."

तेव्हा मला कळलं की काय झालं होतं. मी लिहिलेला शब्द त्यांनी वाचला होता, त्यांच्या अर्थानं. वर्ग बंद होणार ही कुजबुज होतीच. त्यात बाहेर काढून ठेवलेली मशिनं दिसली.

पाळकसाहेबांनी सण समजावून सांगितला. बायका जरा सैल झाल्या. एक-दोघी तोंडावर पदर घेऊन हसल्यासुद्धा. मावशी फळीवरून उतरल्या, लुगडं झटकलं आणि अगदी सहज विचारलं, "म्हणजे केंद्र बंद होतंय ता खोटं?"

काकांनी भोपळा या हातातून त्या हातात घेतला. पाळकसाहेब पायांकडे बघत राहिले. आणि मी, जिला वर्गात हात वर करतानाही घाम फुटतो, मी सगळ्यांसमोर बोलले.

"खरं आहे मावशी. सण झाला की इथं खताची पोती येणार. मुंबईचे पैसे थांबलेत. आणि तुम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण तुम्हाला काही पडलेलं नाही असं सगळ्यांना वाटतं. मलापण वाटायचं."

"पोरी, हे पंचांचं काम आहे," काका म्हणाले, पण हळू.

मावशींनी माझ्याकडे वळून पाहिलं. तो राग आता माझ्यावर होता. "तुमी कधी मागितलात? एकदा तरी बोललात, शेवंता, दिव्याचं बिल हाय, तू काय देशील? आमी समजत होतो मिशन म्हंजे सरकारासारखं कायतरी असंल. सरकाराला कोण नारळ नेऊन देतो?"

काकांनी भोपळा पुन्हा वर धरला आणि म्हणाले, "बरं. मग हा भोपळा. बोला."

आणि लिलाव ओट्यावरच सुरू झाला. आमच्या बाजूनं एक बोली, त्यांच्या बाजूनं एक. शेवटी बायकांनी पदराच्या गाठी सोडून, एकीत एक मिळवून भोपळा जिंकला. कुणीतरी त्यांना सांगितलं की आता तो परत द्यायचा असतो.

"म्हंजे पैसं पन गेलं नि भोपळा पन?" मावशी म्हणाल्या. "नाय बाबा. भोपळा मी नेनार. पुढल्या रविवारी माझ्या परसातली दुधी आनते, ती इका."

काका हसले. गेल्या कित्येक महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी जेवायला पंगती वाढवाव्या लागल्या, भात पुन्हा टाकावा लागला. संध्याकाळी पंच बसले आणि व्यापाऱ्याला ईस्टरपर्यंत थांबायला सांगायचं ठरलं. तो थांबला नाही, त्यानं दुसरी जागा घेतली. त्याबद्दल काकांनी मला पुढे बरंच ऐकवलं.

तेव्हापासून दर महिन्याला ओट्यावर लिलाव होतो. दुधी, पापड, शिवलेले परकर, एकदा तर रिक्षावाल्यानं महाड ते पोलादपूरची एक फेरीच लिलावाला काढली. वीजबिल भागतं. बाईंचं मानधन कधी पुरं होतं, कधी अर्धंच. पत्रे अजून गळतात. एका पावसाळ्यात पंचांनी पुन्हा गोदामाची गोष्ट काढली आणि मला पुन्हा तसाच राग आला. हे मी लपवत नाही. सगळं सुरळीत झालं, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पण त्या रविवारनंतर मी पुन्हा प्रार्थना करू लागले. मी आधी समजत होते की राग निवळल्याशिवाय देवापुढे जाता येत नाही, म्हणून मी दूर राहिले होते आणि सगळा भार एकटीच्या डोक्यावर घेऊन फिरत होते. आता जसा आहे तसा तो राग देवाच्या पायाशी ठेवते आणि पुढे काय करायचं ते त्याच्यावर सोडते. हे मला रोज जमतं असं नाही. कृपा म्हणजे काहीतरी मऊ, शांत असं मी ऐकत आले होते, आणि तशी ती कुणाकडे येतही असेल. आमच्या देवळात मात्र ती ओट्यावर चढून, मशिनवर मांडी घालून भांडायला आली. तिला आत बोलावण्याची अक्कल आमच्यापैकी कुणालाच नव्हती. ती आपणहून आली, याबद्दल मी देवाचे आभार मानते.