मंगळावरच्या बागायतदारांचा कैवारी

अख्ख्या वसईत मंगळावरच्या माणसांची बाजू घेणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा सख्खा मामा निघाला. मंगळावर माणसं आहेत हे ठरलं कधी, असं कुणी विचारील. तुमच्याकडे ठरलं नसेल. आमच्या उमेळ्यात ते स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांतच ठरलं होतं, मामाने ठरवलं होतं, आणि मामाने एकदा ठरवलेलं मोडून काढायची गावात कुणाची छाती नव्हती.

मामा केळीचा बागायतदार. पहाटे रहाट जुंपायचा, उन्हं चढेपर्यंत वाडीला पाणी लावायचा आणि मग वाचायला बसायचा. वर्तमानपत्र विकत घेणं त्याला पटत नसे. सुके बोंबील ज्या कागदात बांधून येत, तो कागद उन्हात वाळवून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. त्यामुळे जगाच्या बातम्या त्याला उशिरा आणि वासासकट मिळत. महायुद्ध त्याच्यापुरतं तीन महिने जास्त चाललं. अशाच एका कागदात त्याला सापडलं की परदेशातल्या कुण्या विद्वानाला दुर्बिणीतून मंगळावर सरळ रेघा दिसल्या, ते कालवे असावेत. कागद घेऊन मामा आमच्या ओटीवर हजर. “पाट आहेत तिथे! पाट आले म्हणजे पाण्याची पाळी आली. पाळी आली म्हणजे भांडणं आली. आणि भांडणं आहेत तिथे माणसं नसतील, असं होईल का?” उभा जन्म पाटाच्या पाण्यावरून भांडलेल्या माणसाला दुसरा पुरावा लागतो कशाला! त्या दिवसापासून मंगळावरचे लोक आमचे जातभाई झाले. वैशाखात बावखलाचं, म्हणजे आमच्या वाडीतल्या तळ्याचं, पाणी आटलं की मामा स्वतःची केळी सोडून त्यांच्या केळींची काळजी करी.

येईल त्याला तो हा विषय काढायचा. पाचूबंदरची मासळीवाली टोपली उतरवते न उतरवते तोच, “तुला ठाऊक आहे का गं, मंगळावर...” ती ऐकून घ्यायची. एकदा तिने विचारलं, “तिकडं मासली हाय का?” मामा म्हणाला, “पाटाच्या पाण्यात कसली मासळी?” “मंग त्या पान्याला काय चाटायचं?” असं म्हणून तिने मंगळ निकालात काढला. शेजारच्या वाडीचे मालक हिंदू, सगळे त्यांना भाऊ म्हणत; वाचन मोठं. ते समजुतीने म्हणाले, “आमच्या धर्मात काही अडचण नाही. चौदा लोक मानलेत आम्ही. सगळ्यांना जागा आहे.” मामा उसळला. “चौदा लोकांना जागा आहे, आणि तुमच्या विहिरीवर उमेळ्यातल्या चार घरांना नाही? आधी तेवढं बघा!” भाऊ आठ दिवस बोलले नाहीत. आमच्या ख्रिस्ती मंडळींना गुदगुल्या झाल्या, तर मामा आमच्याकडे वळला. “हसताय काय? देवळात पुढच्या बाकावर कुणी बसायचं यावरून डोकी फोडणारे तुम्ही. मंगळावरचा माणूस आला तर त्याला दाराशी उभा कराल!” खोटं काय होतं त्यात? मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

हे सगळं हसण्यावारी जात होतं, पण मे महिना आला. मे महिन्यात आमच्या आळीच्या क्रूसापुढे रोज संध्याकाळी माळेची प्रार्थना होते. एकेका संध्याकाळचा मान एकेका घरचा. त्या घराने क्रूस सजवायचा, शेवटची विनंती आपल्या शब्दांत मांडायची आणि सगळ्यांना उकडलेले चणे वाटायचे. महिन्याच्या शेवटच्या संध्याकाळचा मान मामाच्या घरचा. तो मामीने नवसाने घेतला होता, आणि मामी जाऊन दोन वर्षं झाली तरी मामाने तो सोडला नव्हता. तिचं म्हणून त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं. गेल्या मे महिन्यात त्याने आजारी, प्रवासी आणि मेलेल्यांच्या मागोमाग खणखणीत आवाजात म्हटलं होतं, “आणि मंगळावरच्या बागायतदारांना पाणी कमी पडू नये.” पोरं खिदळली. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. गोष्ट फादरांच्या कानावर गेली, आणि यंदा त्यांनी मामाला आधीच बोलावून घेतलं.

फादर काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे विचारलं, “ते आदामाची लेकरं नाहीत. त्यांना आत्मा आहे का, तारण आहे का, हे आपल्याला माहीत नाही. मग प्रार्थना कशी करणार?” मामा म्हणाला, “मला त्यांच्या आत्म्याचं माहीत नाही, फादर. मी पाणी मागितलं.” फादर म्हणाले, “ते वाक्य सोडा, नाहीतर मान दुसऱ्या घराला देऊ.” मामाने टोपी डोक्यावर घातली. “द्या.”

आई हादरली. मामा तिचा धाकटा भाऊ. तिने मला त्याची समजूत घालायला पिटाळलं. मामा केळीच्या बुंध्याशी पाणी वळवत होता. मी म्हटलं, “मामा, एका वाक्यासाठी मामीचा मान घालवतोस?” त्याने खोरं खाली ठेवलं. “तुला वाटतं ते वाक्य माझं आहे? ती अंथरुणाला खिळली होती तेव्हा मी तिला तो कागद वाचून दाखवला. तर म्हणते, बिचारे, एवढ्या लांबून पाणी नेतात, त्यांनाही आपल्या प्रार्थनेत घाला. चार दिवसांनी गेली. तिने आत घेतलेल्या माणसांना मी बाहेर काढू?” मी घरी जाऊन आईला सगळं जसंच्या तसं सांगितलं. ती चुलीपुढे बसून राहिली.

शेवटच्या संध्याकाळी मान समोरच्या घरचा होता. मामा कडक इस्त्रीचा कोट घालून सगळ्यांच्या मागे गुडघे टेकून बसला. माळ संपली, विनंत्या संपल्या, चण्याचं पातेलं उघडलं. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, तोच, खणखणीत. त्याने वाक्य म्हटलं, एक शब्द न गाळता. मी तोंड उघडलं, पण समोरच्यांच्या माना वळलेल्या बघून मिटून घेतलं. आणि माझ्या शेजारून, ज्या बाईने मला त्याची समजूत घालायला पाठवलं होतं तिने, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हटलं, “आमेन!” वर माझ्याकडे असं पाहिलं की मीही म्हटलं. पाठोपाठ आणखी दोघा-तिघांनी.

तो मान मामाला पुन्हा कधीच मिळाला नाही. त्या संध्याकाळी मी त्याला घरी पोचवायला निघालो. मला वाटलं, जिंकल्यासारखा चालेल. पण फादरांपुढे मान न वाकवणारा तो माणूस वाटेत थांबला आणि म्हणाला, “नुसतं बागायतदार म्हटलं रे मी. तुझी मामी असती तर तिने आधी त्यांची नावं विचारली असती.” आणि ढसाढसा रडायला लागला. मी त्याचा हात धरला आणि त्याचं रडू ओसरेपर्यंत तिथेच उभा राहिलो.