अर्जाचा मायना

माघातल्या दुपारी नंदुरबारची हवा डोळ्यांनाही तिखट लागायची. गावाबाहेर जिकडेतिकडे मिरचीच्या पथाऱ्या पडलेल्या. वाळत घातलेल्या त्या लाल पसाऱ्यावरून वारा निघाला की परगावचा पाहुणा स्टेशनात उतरल्याउतरल्या आधी शिंकायचा आणि मग पत्ता विचारायचा. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. पण साठच्या दशकातल्या एका दुपारपासून तो वास आला की मला एका जागी बसवत नाही. मी उठतो, अंगणात येरझाऱ्या घालतो, बायको विचारते काय हरवलं, आणि मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेतो.

मी तेव्हा मामलेदार कचेरीत कारकून होतो. जवळच्या कोरीट गावच्या आमच्या गुजर घरातला, कापूस-केळीतून बाहेर पडून सरकारी पगार घेणारा मी पहिलाच, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका. कचेरीमागे अंमलदारांचा क्लब होता आणि क्लबात मुरमाचं टेनिसचं मैदान. दुहेरीला चार गडी लागतात, तिथे नेहमी तीनच असत. निव्वळ या अडचणीपोटी मला सभासद करून घेतलं गेलं. वकील-डॉक्टरांच्या ओळीत वेताच्या खुर्चीवर बसून कपबशीतून चहा घेण्याचा मान मला असा अपघातानेच लाभला, आणि अपघाताने लाभलेली वस्तू माणूस जिवापाड जपतो.

खेळ मात्र मला शिकवला उखाने. उखा क्लबाचा मार्कर. मैदानावर पाणी मारून रूळ फिरवायचा, चुन्याच्या रेघा ओढायच्या आणि एखाद्या साहेबाला समोर खेळायला कोणी नसलं तर पगारी माणूस म्हणून त्याच्याशी खेळायचं, हे त्याचं काम. पस्तिशीचा, सडपातळ, अनवाणी. थंडीतल्या कोवळ्या, धूसर उजेडात, ओल्या चुन्याचा गार वास अजून जमिनीलगत रेंगाळत असताना, कचेरी उघडण्याआधी आम्ही दोघं खेळत असू. जाळीपाशी उभं असताना मागे वळून जोडीदाराकडे पाहायचं नाही, हे त्याचं पहिलं शिक्षण. मागचा चेंडू मागचा माणूस घेतोच. मला तो भाऊ म्हणे, आणि ते मला आवडे.

त्या वर्षी क्लबाने धंदेवाईक खेळाडूंच्या पुरुष दुहेरीचे सामने भरवले. धंदेवाईक म्हणजे रेल्वेलाईनवरच्या निरनिराळ्या क्लबांतले मार्कर. सभासद खेळतो तो हौसेने, मार्कर खेळतो तो पोटासाठी, अशी त्या काळची कडक वाटणी होती; हौशी माणूस धंदेवाइकांत उतरला की तो बाटला, असं क्लबात सगळेच म्हणत. उखाने अमळनेरकडच्या एका मार्करासोबत पहिल्या दिवशीचे सामने असे काही जिंकले की खास पाहायला आलेले सुरतेच्या क्लबाचे गृहस्थ संध्याकाळी बोलूनच गेले, उद्या अंतिम सामना जिंकलास तर तुला कायम नोकरीवर नेतो, राहायला खोली देतो. आमच्याकडे पावसाळ्यात मैदान बंद, आणि मैदान बंद म्हणजे उखाचा पगार बंद. दर आषाढात तो बायकोपोरांसह निंदणीच्या मजुरीला जाई. त्या खोलीचं मोल त्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी जोडीदार घरून दुपारच्या गाडीने यायचा होता. गाडी आली, तो आला नाही. पंचांनी पंधरा मिनिटांची मुदत दिली, बदली गडी चालेल म्हणाले. उखा सरळ माझ्या खुर्चीपाशी आला.

"भाऊ, त्यानी गाडी चुकनी व्हई. तू येशी का मन्हासंगे? तू नुसता जाळीपाशी उभा ऱ्हाय. मांगलं समदं मी पयीसन लिसू."

मागचं सगळं तो धावून घेणार होता. मी फक्त खुर्चीतून उठायचं होतं. उठलोही, पण मैदानाकडे न जाता वाचनालयाच्या खोलीकडे वळलो. "परवानगी घेऊन आलोच," म्हणालो. सरकारी नोकरीने हाताला एकच वळण लावलेलं असतं: आधी कागद, मग पाऊल. मी कागद घेतला, डावीकडे समास दुमडला, टाक शाईत बुडवला आणि मायन्यापासून सुरुवात केली, मेहेरबान सेक्रेटरीसाहेब यांचे सेवेशी, विनंती विशेष. बाहेर लोकांची चुळबुळ वाढत होती, कोणीतरी परगावचा सारखा शिंकत होता, आणि माझं अक्षर छापल्यासारखं उमटत होतं.

सेक्रेटरी म्हणजे वकीलसाहेब, माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसलेले. अर्ज पाहून ते मोठ्याने हसले. "अहो, एवढ्यासाठी अर्ज? बक्षीस घेऊ नका म्हणजे झालं. पळा, खेळा!"

मी वळलो तेवढ्यात पंचांनी मुदत संपल्याचं पुकारलं. समोरची जोडी न खेळता जिंकली होती.

उखा जाळीपाशी एकटाच उभा होता. माझी त्याच्याकडे बघण्याची छाती होईना, म्हणून मी हातातला कागद पुढे केला, जणू तो माझा साक्षीदार. उखाला वाचता येत नव्हतं. त्याने कागद दोन्ही हातांनी धरला, बराच वेळ पाहिला.

"अक्षर मोठं चांगलं शे तुन्हं, भाऊ," तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता; असता तर बरं झालं असतं.

सुरतेचे गृहस्थ संध्याकाळच्या गाडीने दुसऱ्या एका मार्कराला घेऊन गेले. जोडीदार नंतर भेटला, त्याची गाडी खरोखरच चुकली होती. त्याच्यावर कोणी रागावलं नाही. माझ्यावरही नाही. उलट, शिस्तीचा माणूस म्हणून मामलेदारांनी माझी पाठ थोपटली, आणि मला ती थाप सोसावी लागली.

एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. त्या पंधरा मिनिटांत मी अर्ज दोनदा लिहिला. पहिला पुरा झाला तेव्हा निम्मी मुदत शिल्लक होती. त्यात चूक नव्हती, शाईचा डागही नव्हता. मी तो शांतपणे वाचून पाहिला, घडी करून खिशात ठेवला, आणि दुसरा कोरा कागद पुढे ओढला.