वाघाडे साहेबांचा हवालदार

शूटिंग संपून बराच काळ झाला, पण किस्से काही संपत नाहीत. उलट वाढतातच. आमच्या युनिटमधले यवतमाळकडचे आम्ही चार-पाच जण अधूनमधून कळंबच्या एका चहाच्या टपरीवर भेटतो, आणि दर खेपेला कोणी तरी म्हणतो, "अरे, ते सांगितलंच नाही मी." आमच्यातला प्रत्येक जण सांगताना थोडं थोडं वाढवतो. मी वाढवत नाही. मी फक्त क्रम बदलतो.

मी बसचा कंडक्टर. तरुणपणी यवतमाळला हौशी नाटकं करायचो, मग संसारात ते सुटलं. एक दिवस माझ्या बसमध्ये मृणाल मॅडम बसल्या होत्या. त्या टीव्हीसाठी एक पोलिसी मालिका करणार होत्या आणि आमच्या भागात जागा बघत फिरत होत्या. मी एका आजोबांशी वाद घालत होतो; त्यांना त्यांची बकरी सीटवर बसवायची होती. वाद मिटला, बकरी खाली बसली, आणि मॅडमनी विचारलं, "तुम्ही अ‍ॅक्टिंग करता का?"

मी म्हटलं, "रोज करतो, मॅडम."

असा मी हवालदार झालो. मालिकेचा नायक इन्स्पेक्टर वाघाडे. डोकं तल्लख, पण तोंड असं की ऐकणाऱ्याने कानावर हात ठेवावेत. दारू पितो, वरिष्ठांना शिव्या घालतो, बायको सोडून गेली, मुलगी बोलत नाही, आणि जे काही चांगलं हातात येतं ते स्वतःच मोडून टाकतो. मी त्याच्यामागे फिरणारा, त्याची बाटली लपवणारा, त्याच्यासाठी खोटं बोलणारा हवालदार. वाघाडे करत होते पुण्याचे निरंजनसर. प्रत्यक्षात इतका सभ्य माणूस की चहा देणाऱ्यालाही उठून नमस्कार करायचे.

*

पहिली अडचण शिव्यांची आली. लेखकाने लिहिलेले अपमान सगळे पुणेरी होते. "आपली अक्कल गहाण टाकलीत का?" वगैरे. आमच्याकडे असं कोणी बोललं तर लोक त्याला जेवायला बोलावतील.

मग मृणाल मॅडमनी टपरीवरच्या म्हाताऱ्यांना विचारलं. दोन दिवसांत इतका माल जमला की लेखक लिहून थकला. त्यातला "तुह्या डोक्यात सरकीची ढेप भरली का बे?" हा वाक्प्रयोग तर पुढे मालिकेची ओळखच झाला. ढेप म्हणजे गुरांना घालतात ती पेंड.

हे वाक्य पहिल्यांदा कोणाला ऐकवायचं होतं? साक्षीदार झालेल्या वानखडे गुरुजींना. हे माझेच शाळेतले गुरुजी, आता निवृत्त, हौसेने कामाला आलेले. सीन असा की वाघाडे त्यांना झापतो आणि त्यांना रडू येतं. निरंजनसरांना फार संकोच वाटला. प्रत्येक टेकच्या आधी ते जाऊन गुरुजींच्या पाया पडायचे, मग येऊन झापायचे. पाच टेक झाले, गुरुजींच्या डोळ्यांत पाणी काही येईना.

शेवटी गुरुजींनी त्यांना बाजूला बोलावलं आणि शांतपणे म्हणाले, "सर, आधी शिव्या द्या, मग पाया पडा. तुमी उलटं करून राह्यले, म्हणून मले रडू नाही येत."

पुढच्या टेकला गुरुजी असे रडले की मॅडमनी कट म्हणायला उशीर केला.

*

आमचं पोलीस ठाणं एका बंद पडलेल्या डाळ मिलच्या ऑफिसात उभं केलं होतं. बाहेर निळ्या-लाल रंगाची पाटी, आत टेबल, वायरलेस, कोठडी. लांबून येणाऱ्याला काही फरक कळायचा नाही.

एका सकाळी तालीम चालू असताना एक शेतकरी बाबा सरळ आत आले आणि वाघाडेसमोर उभे राहिले. विहिरीवरची पाण्याची मोटार चोरीला गेली होती. निरंजनसरांना वाटलं, मॅडमनी नवा माणूस आणला. ते लगेच वाघाडे झाले. मोटार गेली तेव्हा तू काय करत होता, कुत्रं भुंकलं नाही का, गावात तुझ्यावर खार खाऊन कोण आहे, वायर कापली की उपटली, असं दणादण विचारत सुटले, आणि मधूनमधून ढेपेचा उद्धारही झाला. बाबा प्रत्येक प्रश्नाला हात जोडून नीट उत्तर देत होते.

मग बाबांनी खिशातून मोटारीची पावती काढून टेबलावर ठेवली आणि निरंजनसर थांबले. माझ्याकडे बघितलं. हा आपला माणूस नाही, अशी मी मान हलवली. ते खुर्चीवरून उठले, बाबांना स्वतःच्या जागी बसवलं, पाणी दिलं आणि सगळं खरं सांगितलं. बाबांना ते काही पटेना. शेवटी मी वर्दी उतरवून साधा शर्ट घातला आणि त्यांना मोटरसायकलवर बसवून खऱ्या ठाण्यात नेलं. तिथे त्यांची तक्रार रीतसर घेतली गेली. काही दिवसांनी मोटार सापडलीसुद्धा.

बाबा तुरीच्या शेंगांची पिशवी घेऊन आमच्याच ठाण्यात आले. निरंजनसर म्हणाले, अहो, ह्या शेंगा त्या साहेबांना द्यायला पाहिजेत.

"त्यायले देल्ल्या जी," बाबा म्हणाले. "तो साहेब चांगला हाये, लय गोड बोलला. पन तुमच्यावानी चौकशी कोनी केली नाही."

त्या शेंगा आम्ही सगळ्या युनिटने उकडून खाल्ल्या. निरंजनसर म्हणाले, इतकी वर्षं काम करतोय, एवढं मोठं बक्षीस कधी मिळालं नव्हतं.

*

वाघाडे भर चौकात बाटली तोंडाला लावतो, असा एक सीन फुलसावंगीकडे घेत होतो. तिथल्या एका तांड्यावरच्या बायांनी दारूविरुद्ध मोठं काम केलेलं. त्यांच्या पुढारी सोनाबाई राठोड. सगळा तांडा त्यांना याडी म्हणतो, म्हणजे आई. कोणी तरी याडीला सांगितलं की एक पोलीस साहेब चौकात उभा राहून पितोय. वीस-पंचवीस बाया घेऊन त्या आल्या, आणि कोणी अडवायच्या आत निरंजनसरांच्या हातातून बाटली काढून घेतली.

कॅमेरा दिसत होता, दिवे दिसत होते, पण याडीचं लक्ष बाटलीवर. त्यांनी वास घेतला. मग थोडं तळहातावर ओतून चाटून पाहिलं. आणि बाकीच्या बायांकडे वळून म्हणाल्या, "कोरा चहा हाये."

निरंजनसर खाली मान घालून उभे.

"एवढा मोठा साहेब," याडी म्हणाल्या, "अन् याले कोनी दूधही देत नाही?"

त्या दिवशी शूटिंग तासभर थांबलं. तांड्यावर सगळ्यांना दुधाचा चहा झाला. निघताना याडीने मृणाल मॅडमना एकच विचारलं, ह्या वाघाडेची दारू शेवटी सुटणार आहे की नाही? मॅडम म्हणाल्या, अजून ठरलं नाही. याडी म्हणाल्या, "तं मंग ठरवून घ्या. आमच्या घरी लेकरं पाहातात."

*

ही गोष्ट याडीला माहीत नव्हती, आणि आम्हालाही पहिल्या दिवसापर्यंत नव्हती. निरंजनसर स्वतः एके काळी पीत होते. खूप पीत होते. कित्येक वर्षांपूर्वी सोडली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या युनिटला बसवून हे सरळ सांगितलं, आणि मला वेगळं म्हणाले, "हवालदार, सीनमधला प्रत्येक ग्लास आधी तुम्ही हुंगायचा. तुम्ही मान हलवली तरच मी तोंडाला लावणार." तेव्हापासून तो आमचा नेम झाला. गुळाचं पाणी असो की कोरा चहा, आधी माझं नाक.

एकदा लग्नाच्या मांडवातला सीन होता. गावातलेच शंभरेक लोक वऱ्हाडी म्हणून बसवलेले, संध्याकाळचा उजेड उतरत चाललेला, मॅडमना एकाच टेकमध्ये सगळं हवं होतं. ज्यांच्या दारात मांडव होता ते यजमान फार भले गृहस्थ. पाहुण्याला गुळाचं पाणी पाजायचं हे काही त्यांच्या मनाला पटेना. त्यांनी कोणाला न सांगता ग्लास बदलला.

कॅमेरा चालू झाला. ट्रेमधून ग्लास आला. मी नेहमीप्रमाणे वाकून हुंगला, आणि वास खऱ्या दारूचा आला. निरंजनसरांचा हात पुढे आलेला. ओरडलो असतो तर टेक गेला असता आणि शंभर लोकांसमोर त्यांचं सगळं उघडं पडलं असतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी तो ग्लास झेंडूच्या कुंडीत ओतला आणि हवालदाराच्याच आवाजात म्हणालो, "माशी पडली होती, साहेब."

निरंजनसरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. आणि मग वाघाडे माझ्यावर तुटून पडला. तू कोण माझा ग्लास ओतणारा, तुझी लायकी काय, असं काय काय. बोलता बोलता त्यांचा आवाज फुटला, डोळे भरून आले, माझी कॉलर धरलेला हात सुटेना.

कट झाल्यावरही सुटला नाही. आम्ही तसेच मांडवाच्या खांबाला टेकून बसून राहिलो. यजमानांना कळल्यावर ते रडकुंडीला आले. निरंजनसरांनी त्यांच्याच घरी बसून पुरणपोळी खाल्ली.

लोक आजही म्हणतात, त्या सीनमध्ये वाघाडे काय खरा रागावलाय.

तो रागावला नव्हता.

*

शूटिंग चालू असतानाच पहिले भाग टीव्हीवर सुरू झाले. सुट्टी संपली की मी बसवर हजर. एकदा उमरखेडकडे जाताना एका बाईंनी मला निरखून पाहिलं आणि तिकीट घेता घेता म्हणाल्या, "तुमीच ना ते हवालदार?"

मी खूश झालो. हो म्हटलं.

"मंग त्याच्यासाठी खोटं काहून बोलता तुमी? पिऊन पडला असते, अन् तुमी सांगता, साहेब दवाखान्यात गेले. अशानं सुधरन का तो?"

मी म्हटलं, बाई, ते लेखक लिहून देतात, मी फक्त बोलतो.

"लिहिनारे लिहितीन," बाई म्हणाल्या. "तोंड तं तुमचं हाये."

सगळी बस बाईंच्या बाजूने. ड्रायव्हरसुद्धा आरशातून माझ्याकडे बघून मान हलवत होता. बाई ढाणकीला उतरल्या. नाव विचारायचंही सुचलं नाही मला.

संध्याकाळी मृणाल मॅडमना फोन करून हे सांगितलं. चार दिवसांनी नवा सीन हातात आला. त्यात वरिष्ठ विचारतात, वाघाडे कुठे आहे, आणि हवालदार पहिल्यांदा म्हणतो, "पिऊन पडलेत साहेब. मदत पाहिजे त्यांना." त्या एका वाक्यासाठी मला आजपर्यंत लोक हात जोडतात. खरं तर ते जोडायला हवेत ढाणकीला उतरलेल्या त्या बाईंना.

*

आता शेवटचा सांगतो. हा मी नेहमी शेवटीच सांगतो.

शेवटच्या भागात वाघाडे नोकरीवरून निलंबित झालेला असतो. भर दुपारी तो मुलीच्या घरासमोर जातो, दार ठोठावतो, दार उघडत नाही, आणि तो तिथेच गल्लीत धुळीत कोसळतो. लोक बाजूने निघून जातात. बऱ्याच वेळाने मी कोपऱ्यावरून येतो आणि त्याला उचलतो. असा सीन.

एका लहानशा गावातली गल्ली घेतली होती. सकाळीच घरोघर जाऊन सगळ्यांना समजावलं होतं, की हे शूटिंग आहे, साहेब पडतील, कोणी मध्ये येऊ नका. सगळे हो म्हणाले.

कॅमेरा चालू झाला. निरंजनसर दारावर डोकं टेकून उभे राहिले, मग गुडघ्यावर आले, मग आडवे झाले. गाल धुळीत. ठरल्याप्रमाणे लोक जाऊ लागले. एक सायकलवाला वळसा घालून गेला. दोन बाया पदर सावरत गेल्या. एक माणूस त्यांचे पाय ओलांडून गेला. मी कोपऱ्यावर उभा, मॅडमच्या खुणेची वाट बघत.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या. ती सरळ निरंजनसरांजवळ जाऊन बसली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावरून पाण्याचा हात फिरवला आणि पदराने गाल पुसला.

असिस्टंट धावणार होता. मॅडमनी त्याचा दंड धरला.

"ऊठ बापा," म्हातारी म्हणाली. "दोन घास खाऊन घे. मंग जाय, कुठं जायचं तं."

निरंजनसरांनी शुद्ध हरपून पडून राहायचं होतं. त्यांनी डोळे उघडले. ते उठले आणि तिच्यामागून लहान मुलासारखे चालत गेले. तिने त्यांना ओसरीवर बसवलं. मागे भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. तिने ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. ते खाली मान घालून जेवले, शेवटच्या घासापर्यंत. कॅमेरा जागचा हलला नाही. मॅडमनी तोंडावर हात धरला होता. माझी एन्ट्री आलीच नाही.

कट झाल्यावर मी तिच्याकडे गेलो. ती ताट घासत होती. मी शेजारी बसलो आणि विचारलं, "मावशी, सकाळी सांगितलं होतं ना तुमाले, हे शूटिंग हाये म्हणून?"

"सांगितलं होतं ना."

"मंग?"

तिने ताट धुतलं, भिंतीला उभं करून ठेवलं आणि ओले हात पदराला पुसले.

"पन कोनी उचलूनच नव्हतं राह्यलं त्याले," ती म्हणाली.