सोलरच्या जीपमधले दोघे

नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी धुळ्याच्या जुन्या मित्रांत बसलो की कुणीतरी म्हणतंच, "ते सोलरचं सांग!" सांगायला पुष्कळ आहे. नव्वदच्या आसपास मी आणि आमचे फिटर नाना जीपमध्ये सरकारी योजनेच्या सौरचुली, सौरदिवे भरून जळगाव-धुळ्याची खेडी पालथी घालत होतो. लोक ऐकून हसतात. मीही हसतो, पण नंतर तोंड कडू होतं.

धरणगावकडच्या एका खेड्यात सौरचुलीचं प्रात्यक्षिक होतं. काळी पेटी, वर आरसा, आत डाळ-तांदूळ. "तीन तासांत जेवण तयार! फक्त आरसा उन्हाकडे फिरवत राहायचं," मी झोकात सांगितलं.

एक बाई म्हणाली, "दिनभर मी कापूस येचाले जास. आरसा कोन फिरावी? तुमी बठशात का?"

नाना पेटी आवरायला लागले!

पहूरच्या बाजूला एका गावाला सोलरवरचा टीव्ही मिळाला होता. बंद पडला म्हणून गेलो. टीव्ही ठणठणीत! प्लेटची वायर मात्र सरपंचाच्या घरात गेलेली, आणि तिथं पंखा गरगरतोय.

"भाऊ, प्लेट गावाची ना?"

"हो. मग मी काय परगावचा?"

आम्ही वायर काढली. आठ दिवसांत ऑफिसात तक्रार आली. आमच्याच नावानं, वायर चोरल्याची!

एका आरोग्य केंद्रात लसींसाठी सोलर फ्रिज बसवला होता. पाहणीला गेलो, दार उघडलं. आत नुसत्या पाण्याच्या बाटल्या. लसी खिडकीत, पुठ्ठ्याच्या खोक्यात.

"साहेब लोक येतात, त्यांना गार पाणी लागतं," कंपाउंडर म्हणाला. "लस थोडीच तक्रार करते!"

जीपमध्ये बसल्यावर नाना म्हणाले, "मनी नातले बी आठेच टोचेल शे." त्यांच्या नातीची लस याच केंद्रातली होती.

आणि सातपुड्याच्या पायथ्याचं ते गाव. तिथं विजेचे खांब उभे राहिले, तारा नव्हत्या. पण कागदावर वीज आली, म्हणून सौरदिवे काढून आणायचा हुकूम निघाला. शेवटचा दिवा बाळंतपणाच्या खोलीत होता. नर्सअक्का दारातच आडव्या आल्या.

"आत बाई अडली आहे. थांबा."

थांबलो. दिवस मावळला. आतून ओरडणं, मग एकदम शांतता, मग बारीक रडणं.

अक्का हात धुऊन बाहेर आल्या. दिवा स्वतःच खाली काढून आणला होता. आत अंधार.

"मुलगी झाली. सही कुठे करू?"

पावतीवर 'वस्तूची स्थिती' असा रकाना होता. त्यात त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं, 'चालू'.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला स्टोअरकीपरनं पावती परत माझ्याकडे सरकवली. "चालू वस्तू जमा करून घेता येत नाही. नादुरुस्त लिहा."

मी लिहिलं.