लोकरीला कोमट पाणी

माझं शिक्षण आठवीपर्यंत. गाव हिंगोलीकडचं, नवऱ्याला बंदरावर काम मिळालं म्हणून रत्नागिरीला आले. इथे माझं माहेर म्हणा, शाळा म्हणा, सगळं आमच्या ताई. सोफे आणि गालिचे धुऊन देण्याचा त्यांचा व्यवसाय. मशीन हातात देताना त्यांनी सगळ्यात आधी पाणी शिकवलं. हॉटेलातल्या नायलॉनच्या कार्पेटला चांगलं गरम पाणी लागतं, त्याशिवाय तेलकटपणा सुटत नाही. लोकरीला मात्र कोमटच. कढत लागलं की लोकर आटते आणि रंग सुटतो.

"तान्ह्या बाळाला चालेल ना, तेवढंच," ताई म्हणायच्या. "मशीनवरचा आकडा बघायचाच, पण आधी मनगटावर फवारा मारायचा."

मी मुळात भित्री. एकदा बघून माझं भागायचं नाही. ताई हसायच्या, "अगं, गालिचा धुतेयस की ताप बघतेयस?" पण मला रागावल्या कधी नाहीत. म्हणून तर भीती जास्त. एवढ्या भल्या माणसाचं नाव आपल्या हातून खराब झालं तर?

पहिल्यांदा मला एकटीला पाठवलं ते शिरगावच्या एका काकूंकडे. गालिचा लोकरीचा, किरमिजी, पांढऱ्या काठाचा. दारावर आलेल्या काश्मिरी फेरीवाल्याशी घासाघीस करून काकूंनी तो घेतला होता. त्यावर काकांनी बांगड्याचं तिखलं, माशाचं झणझणीत कालवण, सांडलं होतं.

"मॅच बघताना ह्यांना ताट लागतं मांडीवर," काकू म्हणाल्या. "बांगडा उडाला, आणि हे ओरडले सिक्सर म्हणून!"

"सिक्सरच होती ती," काका पेपरातून म्हणाले.

मी मशीनचा हीटर बंद ठेवला, टाकीत कोमट पाणी भरलं, मनगटावर बघितलं. मग गालिच्याचा कोपरा ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबला. रंग आला नाही. जिवात जीव आला. टॉवेल आणायला तेवढी ओटीवर गेले.

परत येऊन काठाजवळून मशीनचं तोंड ओढलं, आणि पांढऱ्यावर गुलाबी ओघळ उतरला. मी मशीन बंद केलं. टाकीचं झाकण उघडलं तर आतून वाफ.

"अगो, गारढोण पाण्याने न्हाऊ घालत होतीस त्याला!" काकू दारातून कौतुकाने म्हणाल्या. "मी आपलं बंबातलं कढत ओतलं."

त्यांच्याकडे बंब सदा पेटलेला. आल्यागेल्याला हातपाय धुवायला गरम पाणी द्यायचं, ही त्या घराची रीत. मलाही सकाळी दारातच बादली दिली होती. आमच्याकडे टँकरची वाट बघून वाढलेली मी. कुणी एवढं पाणी हातावर घालतं यानेच मला भरून आलं होतं. तेच पाणी आता गालिच्यावर पसरत होतं, आणि त्यांना काय म्हणू ते सुचेना.

ताईंना फोन लावला. ओघळाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पाणी किती गरम होतं?"

काकू समोरच उभ्या. मी नुसतीच "ताई... ते..." करत राहिले. काकूंच्या तेवढ्यात लक्षात आलं. त्यांनी फोन ओढून घेतला.

"अगो बाय, तिला काय विचारतेस? मी ओतलं कढत! मला वाटलं मळ लवकर निघेल. आता ओरडू नको, काय करायचं ते सांग."

ताईंनी सांगितलं तसं आम्ही केलं. गार पाण्यात थोडं व्हिनेगर, त्यात भिजवून पिळलेले टॉवेल, आणि फक्त दाबायचं, घासायचं नाही. काकूंनी काकांना टॉवेलवर उभं केलं.

"वजनाचा कधीतरी उपयोग होऊ दे."

काका जागच्या जागी कवायत करू लागले. मी टॉवेल बदलत होते. प्रत्येक टॉवेल आधीच्यापेक्षा फिका निघायला लागला तसा माझा श्वास जरा मोकळा झाला. तिखल्याचा डागही बराच उतरला. काठावर मात्र बोटभर गुलाबी राहिलं ते राहिलंच.

काकूंनी वाकून त्यावरून बोट फिरवलं. मी ओले टॉवेल गोळा करू लागले. मग त्यांनी स्वतःच ताईंना फोन लावला. मला वाटलं, संपलं.

"गालिचा बरा आहे," त्या म्हणाल्या. "थोडं लागलंय, ते माझं मला. पुढच्या वेळी हिलाच पाठव. फक्त त्या दिवशी मला कुठेतरी बाहेर घालव."

फोन माझ्याकडे आला. ताई हसत होत्या. "उद्या मारुती मंदिराजवळ एक सोफा आहे. एकटी जाशील ना?"

"जाईन," म्हटलं. आणि टाकीचं झाकण घट्ट लावलं.