उजवा कौल

मुलांसाठी मी रहस्यकादंबरी लिहिली ती चिडून. हायस्कुलातून चांदीची वस्तू नाहीशी होते, एका मुलीवर आळ येतो आणि तीच शेवटी चोर शोधून काढते, एवढीच गोष्ट. चोर निघतो शाळेतलाच एक सर. लोक म्हणाले, छान कल्पना लढवलीत. कल्पना कसली डोंबलाची! आळ माझ्यावरच आला होता.

नववीत होते. आमच्या खाडीकाठच्या हायस्कुलात दसऱ्याला सरस्वतीपूजन व्हायचं. पूजेचं चांदीचं निरांजन रांगोळीने घासून लख्ख करायचं काम माझ्याकडे. त्या वर्षी पूजा झाल्यावर मी ते घासून कपाटावर ठेवलं. शाळा उघडली तेव्हा ते तिथे नव्हतं.

मुख्याध्यापक आम्हाला विज्ञान शिकवायचे. पण चोर शोधायला हा माणूस गेला तो थेट ग्रामदेवीच्या देवळात, कौल लावायला. गुरवाने देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. सरांनी पहिलंच नाव माझं घेतलं आणि फूल उजवं पडलं. संपला तपास. दुसरं नाव घ्यायची तसदीसुद्धा घेतली नाही.

मला शाळेतून काढलं नाही. नुसतं चोर म्हणून ठेवलं. मी बाकाजवळून गेले की मुली दप्तरं मांडीवर घ्यायच्या. बाबा बोर्ली पंचतनच्या बाजाराला गेले की कोणीतरी हसत विचारायचं, "काय, पोरीनं निरांजन कंच्या सोनाराला दिलं?" घरी बाबांनी एकदाच विचारलं, "तू घेतलंस?" मी नाही म्हटलं. "मग न्हाय घेतलंस," म्हणाले आणि पुन्हा तो विषय काढला नाही. पण बोर्लीचा बाजार त्यांनी सोडला. वारले तेव्हाही गावाच्या लेखी ते चोराचे बाप होते. याचा मला अजून संताप येतो.

गेल्या वर्षी त्याच शाळेचं बोलावणं आलं, लेखिका म्हणून. अलिबागहून एसटीने गेले ती मानासाठी नव्हे. निवृत्त झालेले ते सर येणार होते आणि मला त्यांच्या तोंडून चारचौघांत एकच वाक्य हवं होतं: हिने चोरी केली नव्हती.

स्टेजवर सरस्वतीचा फोटो, समोर तबकात निरांजन. "लाव, तुझ्याच हस्ते होऊ दे," सर तोंडभर हसत म्हणाले. मी काडी ओढली आणि हात तिथेच थांबला. निरांजनाच्या कडेला पोचा होता. इतक्या वेळा घासलेला तो पोचा मी डोळे मिटूनही ओळखला असता.

"सर, हे कधी सापडलं?"

"हे होय? तू दहावी होऊन गेलीस, त्याच मे महिन्यात. रंगकामाला कपाट सरकवलं तर मागे पडलेलं. दोन-चार वर्षं तसंच ठेवलं, मग काढलं वापरायला."

"मग कोणाला सांगितलं का नाही?"

सरांनी आवाज खाली आणला. "अगं, देवीचा कौल झाला होता. माणसांनी देवीला खोटं पाडायचं का? आणि तू शिकलीस, मोठी झालीस. झालं ते झालं."

म्हणे विज्ञानाचे मास्तर! कौल खोटा ठरू नये म्हणून माझ्या बापाला त्यांनी मरेपर्यंत चोराचा बाप ठेवला. आणि मी येडी पुस्तकभर चोर शोधत बसले होते.

"आत्ता सांगा. माईक घ्या."

"मुलांसमोर? शुभकार्यात हे कशाला आता?"

काडी केव्हाच विझली होती. मी निरांजनातली वात उचलून तबकात ठेवली, निरांजन पदराला पुसलं आणि सगळ्या शाळेदेखत पर्समध्ये टाकलं. पहिल्या रांगेतल्या मुली टकामका बघत राहिल्या.

"अगं, अगं, हे काय करतेस?"

"कौल खरा करतेय, सर," मी माईकवर म्हटलं. "बोलवा पोलीस. आणि हे आधी कुठे सापडलं होतं, ते त्यांना तुमच्या तोंडाने सांगा."