बसून वाजवायला शिकलो तेव्हा

आमचं घर कल्याणातलं, बँडवाल्यांचं. वरातीत, जयंतीच्या मिरवणुकीत पुढची क्लॅरिनेट माझी असायची. डीजेसमोर सूर ऐकू जावा म्हणून आम्ही क्लॅरिनेट वर आभाळाकडे धरतो आणि माउथपीस दातांनी कचकचून चावतो. त्यापायी पन्नाशीतच माझे वरचे दात हलायला लागले. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दात जातील. माझी जागा धाकट्या भावाला दिली आणि घरी बसलो. बायकोवर खेकसायचो, आमटीवर खेकसायचो. वाजवणं सुटलं तर मी कोण, हेच कळेना.

"तुमच्यापेक्षा डीजे बरा, निदान दहा वाजता बंद तरी होतो," असं म्हणत बायकोनेच मला ठाण्याच्या हौशी वादकांच्या ग्रुपमध्ये धाडलं. तो चालवणाऱ्या निवृत्त संगीतशिक्षिकेने माझ्या हातात बास क्लॅरिनेट दिली, म्हणजे खर्जात वाजणारी थोरली क्लॅरिनेट. "हिला चावावं लागत नाही," त्या म्हणाल्या.

बोटं जवळपास तीच, म्हटलं हा तर हातचा मळ. कसलं काय! ही आपली गुडघ्यांमध्ये तळाच्या खुंटीवर जमिनीवर उभी, आणि मी मान काढून तिच्यामागे. सवयीने चावलं की किंचाळायची. जन्मभर चालत वाजवलेलं, त्यामुळे पायही बसल्या जागी वरातीत निघालेले. लाज वाटायची.

"अहो, तुम्ही तिच्याकडे जाऊ नका, तिला तुमच्याकडे येऊ द्या," बाई म्हणाल्या. त्यांनी खुंटी उंच केली, गळ्यातला पट्टा आखडला, मला ताठ बसवलं. माउथपीस जरा जास्त आत, पण जबडा सैल. घसा जांभई देताना उघडतो तसा. आणि फुंकर चष्म्याच्या काचेवर सोडतो तशी, गरम, सावकाश. महिनोन् महिने गेले, तेव्हा कुठे खालचा सूर स्थिर लागला. दात दुखला नाही.

ग्रुपच्या कार्यक्रमाला भाऊ आला. माझ्या वाट्याला नुसते लांबलचक खालचे सूर होते. संपल्यावर तो जवळ आला, खरं बोलायची त्याला खोडच आहे.

"दादा, तुझं काही ऐकूच आलं नाही रे."

माझा चेहराच उतरला.

"पण मधे एकदा तू श्वास घ्यायला थांबलेलास ना," तो म्हणाला, "तेव्हा बाकीचे सगळे पोकळ वाजायला लागले."